‘झाले की आपले दोन डोस!’

कोरोनाच्या लसीचा विषय निघाला की समोरून हमखास एक वाक्य येतं: ‘झाले की आपले दोन डोस!’ त्यात ‘आता पुन्हा हे काय काढलंत’ असा वैताग असतो आणि एक काम कायमचं हातावेगळं केल्याचं समाधानही. पाठोपाठ आणखी तीन विधानं येतात. कोरोना आता साधी सर्दी राहिलाय. तो सगळ्यांना होऊन गेलाय, त्यामुळे आता कुणाला काही होत नाही. आणि खरा धोका असलाच तर तो लसीचा. जिममध्ये पोरं कोसळतात ती उगीच नाही. हे फक्त पारावरच्या गप्पांत ऐकू आलं असतं तर दखल घ्यायचं कारण नव्हतं. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निवृत्त इंजिनियर हेच लिहितात आणि भिंतीवर एमडीची पदवी लावलेले डॉक्टरही पेशंटला हेच सांगून वाटेला लावतात. या चारही विधानांत थोडं थोडं खरं आहे, आणि त्या थोड्या खऱ्याच्या आडोशाने बाकीचं सगळं खपून जातं.

दोन डोस म्हणजे काम झालं, हे लोकांच्या डोक्यात कुणी भरवलं? आपल्याच व्यवस्थेने. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलमध्ये सर्वसामान्यांना प्रवेश मिळाला तो दुसरा डोस घेऊन १४ दिवस उलटले असतील तरच. स्टेशनवर टेबल टाकून बसलेले पालिकेचे कर्मचारी प्रमाणपत्र आणि ओळखपत्र ताडून पाहायचे, शिक्का मारायचे, मग खिडकीवर मासिक पास मिळायचा. पंतप्रधानांचा फोटो असलेलं ते प्रमाणपत्र लोकांनी झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेट करून घेतलं आणि पाकिटात ठेवलं. मॉलच्या दारात तेच दाखवायचं, ऑफिसच्या गेटवरही तेच. लस ही प्रकृतीची बाब न राहता परवान्याची बाब झाली. परवान्याची गरज संपली, तशी लसही लोकांच्या लेखी संपली.

आकडे तेच सांगतात. १६ जानेवारी २०२१ ला मोहीम सुरू झाली, २१ ऑक्टोबरला १०० कोटी डोस पूर्ण झाले, पुढच्या जुलैत २०० कोटी. एवढ्या मोठ्या देशात हे काम सोपं नव्हतं आणि त्याचं श्रेय परिचारिकांना आणि आशाताईंना द्यायलाच हवं. पण तिसरा डोस आला आणि गाडी अडली. आधी जानेवारी २०२२ मध्ये तो आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि ज्येष्ठांना, मग एप्रिलमध्ये बाकीच्या प्रौढांना खासगी केंद्रावर पैसे मोजून, मग १५ जुलैपासून ७५ दिवस फुकट. एवढं करूनही एकूण २२० कोटींहून अधिक डोसांपैकी तिसरे डोस २२-२३ कोटींच्याच घरात राहिले. फुकट असूनही लोक गेले नाहीत, कारण तोवर तिसऱ्या डोसाशिवाय कुठलं दार बंद होत नव्हतं.

लोकांच्या मनात फसवणुकीची एक भावना आहे, तीही समजून घ्यायला हवी. २०२१ मध्ये लस विकली गेली ती ‘घेतली की कोरोना होत नाही’ या थाटात. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली आणि दोन्ही डोस झालेली घरंच्या घरं तापाने झोपली. मग माणूस म्हणणारच, की उपयोग काय झाला? उपयोग झाला, पण तो वेगळ्या जागी झाला. लसीमुळे रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी काही महिन्यांत उतरतात. स्मृतिपेशी मागे राहतात. विषाणूला दारातच अडवणं जमत नाही, पण तो फुप्फुसापर्यंत पोचण्याआधी शरीर जागं होतं. त्यातून कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन या दोन्ही लशी २०२० सालच्या मूळ विषाणूवर बेतलेल्या. विषाणू त्यानंतर कितीतरी वेळा बदलला. परदेशात लशीही बदलल्या: २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५ या उपप्रकारावर, पुढच्या वर्षी जेएन.१ च्या वंशावर, २०२५ मध्ये एलपी.८.१ वर. आपल्या पाकिटातलं प्रमाणपत्र ज्या विषाणूविरुद्धचं आहे, तो आज कुठेच फिरत नाही.

आता ‘साधी सर्दी’. हा दावा खरा वाटतो, कारण आपण मोजतो ते फक्त मृत्यू आणि खाटा. खाटा रिकाम्या, म्हणजे आजार संपला. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ ला आणीबाणी उठवली ती बातमी सगळ्यांनी वाचली; आणीबाणी उठली म्हणजे धोका टळला असं नव्हे, हे संघटनेच्या प्रमुखांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, ते मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही. याच संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोविडनंतरच्या दुखण्याची, म्हणजे ‘लाँग कोविड’ची, व्याख्या केली: साधारणपणे संसर्गानंतर तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी, दुसऱ्या कुठल्याही निदानाने उलगडत नाहीत अशी लक्षणं. थकवा, धाप, विसराळूपणा. यात ना मृत्यू आहे ना खाट. त्यामुळे आपल्या मोजणीत हा आजार बसतच नाही, आणि मोजणीत नाही म्हणून तो नाहीच, असा निष्कर्ष निघतो.

माझ्या ओळखीच्या एक बाई प्राथमिक शाळेत शिकवतात. त्यांना ओमायक्रॉनच्या लाटेत कोरोना झाला तो तीन दिवसांचा ताप आणि घसा, एवढाच. घरीच बऱ्या झाल्या. महिन्याभराने शाळा सुरू झाली आणि फळ्यावर लिहिताना हात वर धरवेना. दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना मधल्या वळणावर थांबावं लागू लागलं. उभं राहिलं की छाती धडधडायची, बसलं की शांत. ओळखीच्या मुलांची नावं ऐन वेळी आठवत नसत. होळीला त्यांनी नेहमीसारखा पुरणाचा घाट घातला. तो दिवस निभावला, पण पुढचे तीन दिवस अंथरुणातून उठता आलं नाही. श्रम केल्याबरोबर नव्हे, तर दुसऱ्या दिवशी अंगावर येणारी ही कोसळणी लाँग कोविडच्या अनेक रुग्णांत दिसते आणि जगभरचे रुग्ण ती याच शब्दांत सांगतात. डॉक्टरांनी ईसीजी काढला, थायरॉइड, बी-१२, डी-३, साखर, सगळं तपासलं. फाइल जाड झाली. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत मॅडम. टेन्शन घेऊ नका, रोज अर्धा तास भरभर चालायला जा.’ त्या बिचाऱ्या चालायला जायच्या आणि आणखी आजारी पडायच्या. घरात सासूबाई म्हणू लागल्या, की आमच्या वेळी एवढे लाड नव्हते.

‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांना मला महाराष्ट्राच्याच आठवणीत न्यायचं आहे. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत चिकनगुनियाची साथ आली होती. त्यानंतर तीन दशकं तो आजार गेल्यासारखा वाटला आणि २००६ मध्ये परत आला तो गावंच्या गावं वाकवून गेला. ताप आठवड्यात उतरला, पण सांधे महिनोनमहिने धरून राहिले, काहींचे वर्षानुवर्षं. तेव्हा कुठल्या सासूबाईंनी सुनेला सांगितलं का, की हे मनाचं आहे? नाही, कारण लंगडत चालणारा माणूस डोळ्यांना दिसतो. विषाणू निघून गेल्यावरही दुखणं मागे उरतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. थकलेला मेंदू आणि बिघडलेले ठोके दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक. यामागे नेमकं काय घडतं याचे धागे अजून जुळायचे आहेत: काहींच्या शरीरात विषाणूचे अवशेष महिनोनमहिने सापडले, काहींची प्रतिकारशक्ती शांत व्हायला तयार नाही, काहींत जुने सुप्त विषाणू जागे झाले, काहींत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणारी स्वायत्त चेतासंस्था बिनसली. बहुधा हे एक दुखणं नसून चार-पाच दुखण्यांची मोट आहे. म्हणूनच एकच एक रक्ततपासणी त्याला पकडू शकत नाही.

मग लसीचा याच्याशी संबंध काय? सगळ्यात स्वच्छ उत्तर स्वीडनमधून आलं. तिथे सरकारी नोंदवह्या पक्क्या आहेत. सुमारे ५.९ लाख प्रौढांचा पहिला संसर्ग आणि त्याआधी घेतलेले डोस ताडून पाहिलेला अभ्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लस न घेतलेल्यांपैकी १.४ टक्के लोकांना पुढे डॉक्टरांनी लाँग कोविडचं निदान लिहून दिलं; लस घेतलेल्यांत हे प्रमाण ०.४ टक्के. एका डोसाने जोखीम २१ टक्क्यांनी घटली, दोन डोसांनी ५९, तीन किंवा जास्त डोसांनी ७३ टक्क्यांनी. ब्रिटन, स्पेन आणि एस्टोनियातल्या नोंदींवरून केलेल्या दुसऱ्या अभ्यासात ही घट २९ ते ५२ टक्क्यांच्या दरम्यान आली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवर झियाद अल-अली यांच्या गटाने २०२४ मध्ये दाखवलं, की ओमायक्रॉनच्या काळात वर्षभरात लस न घेतलेल्या दर १०० बाधितांपैकी ७.७६ जणांना पुढे त्रास राहिला, तर लस घेतलेल्यांत ३.५० जणांना. लाँग कोविड पहिल्यापेक्षा कमी दिसतो याचं श्रेय लोक ‘सौम्य’ ओमायक्रॉनला देऊन मोकळे होतात; या अभ्यासाच्या हिशेबात ती घट ७० टक्क्यांहून अधिक लसीमुळे आहे.

यातली कच्ची बाजूही सांगतो, नाहीतर मीही २०२१ च्या जाहिरातीसारखंच बोललो असं होईल. माजी सैनिक म्हणजे बहुतेक वयस्कर पुरुष. आमच्या शिक्षिकाबाईंना तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. अल-अलींच्याच २०२२ च्या अभ्यासात लसीमुळे जोखीम फक्त १५ टक्क्यांच्या आसपास कमी झाली होती. शिवाय लस घेणारी माणसं एरवीही प्रकृतीला जपणारी असतात, तो फरक गणिताने पुरता पुसता येत नाही. आणि ज्याला चारदा कोरोना होऊन गेला आहे अशा ठणठणीत तिशीतल्या माणसाला आणखी एका डोसाचा नेमका किती फायदा, याचं उत्तर स्वीडनच्या त्या कोष्टकात नाही. त्यामुळे ‘सगळ्यांनी दर सहा महिन्यांनी टोचून घ्या’ असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं त्यांच्यासाठी आहे ज्यांची जोखीम खरोखर मोठी आहे: साठीपुढचे, मधुमेही, किडनीचे रुग्ण, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, गरोदर स्त्रिया आणि रोज पेशंटांत वावरणारे आरोग्य कर्मचारी. जागतिक आरोग्य संघटनेची यादीही साधारण अशीच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अंदाजानुसार आपल्याकडे मधुमेहीच १० कोटींवर आहेत. म्हणजे ही यादी लहान नाही.

‘सगळ्यांना होऊन गेलाय’ हा युक्तिवाद तर उलटा आहे. एकदा होऊन गेला आणि काही झालं नाही, म्हणून पुढच्या वेळीही होणार नाही, याची हमी कुणी दिली? म्हाडाच्या सोडतीत एकदा नाव आलं नाही म्हणून पुढच्या सोडतीतून आपला अर्ज बाद होत नाही. प्रत्येक संसर्ग ही नवी सोडत आहे, आणि इथे नाव लागलेलं कुणालाच नको असतं. पुन्हा संसर्ग झालेल्यांत हृदयाचे, फुप्फुसांचे आणि इतर त्रास एकदाच झालेल्यांपेक्षा जास्त आढळले, हे त्याच माजी सैनिकांच्या नोंदींत दिसलेलं आहे. संसर्गातूनही प्रतिकारशक्ती मिळते, नाही कोण म्हणतो? पण आजार टाळण्यासाठी आजारी पडा, हा सल्ला मला समजत नाही.

राहिला लसीचा धोका. इथे मी हसण्यावारी नेणार नाही, कारण धोका शून्य कधीच नव्हता. कोविशील्ड ज्या लसीवर बेतली, तिच्यामुळे क्वचित रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट घसरतात, हे युरोपात २०२१ च्या वसंतातच उघड झालं. आपल्या सरकारच्या समितीने त्या मे महिन्यात असे संशयित प्रकार दर १० लाख डोसांमागे ०.६१ असल्याचं जाहीर केलं. २०२४ मध्ये कंपनीने ब्रिटनच्या कोर्टातल्या कागदपत्रांत हा दुष्परिणाम मान्य केल्याची बातमी आली तेव्हा आपल्याकडे जणू दडवलेलं गुपित फुटल्याचा कल्लोळ झाला. गुपित ते नव्हतंच. एमआरएनए लशींमुळे तरुण मुलांत क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, हेही खरं आणि नोंदलेलं आहे.

पण तरुणांच्या अचानक मृत्यूंचं खापर लसीवर फोडणाऱ्यांनी निदान आयसीएमआरचा अभ्यास वाचावा. देशभरातल्या ४७ रुग्णालयांच्या मदतीने १८ ते ४५ वयाचे, एरवी धडधाकट असलेले आणि अचानक गेलेले ७२९ जण घेतले गेले आणि त्यांची तुलना त्याच परिसरातल्या, त्याच वयाच्या २,९१६ जणांशी केली गेली. लसीचे दोन डोस घेतलेल्यांत अशा मृत्यूची शक्यता जवळपास निम्मी निघाली. शक्यता वाढवणाऱ्या गोष्टी कोणत्या? घरात आधी कुणाचा असा मृत्यू झालेला असणं, आदल्या दोन दिवसांत बेसुमार दारू किंवा नशा, अंगाला न झेपणारा व्यायाम, आणि पूर्वी कोविडने रुग्णालयात दाखल व्हावं लागलेलं असणं. म्हणजे बोट लसीकडे दाखवलं जातं आणि पुरावा आजाराकडे. तरीही जुलै २०२५ मध्ये हासन जिल्ह्यातल्या अशाच अचानक मृत्यूंवरून कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनीच लसीवर संशय घेतला आणि केंद्राला खुलासा करावा लागला. मुख्यमंत्र्यांच्या तोंडचं वाक्य गावोगाव फॉरवर्ड झालं. खुलासा किती जणांपर्यंत पोचला?

आयसीएमआरचाच दुसरा अभ्यास याहून अस्वस्थ करणारा आहे. कोविडसाठी दाखल होऊन बरे झालेल्या १४ हजारांवर रुग्णांचा वर्षभर फोनवरून मागोवा घेतला गेला. त्यांतले ६.५ टक्के घरी गेल्यावर वर्षाच्या आत दगावले. रुग्णालयाच्या लेखी ते ‘बरे होऊन घरी’ होते. संसर्गाआधी लस घेतलेल्यांत हे मृत्यू लक्षणीय कमी होते.

‘लाँग कोविड म्हणजे लसीचाच दुष्परिणाम’ असंही हल्ली छातीठोकपणे सांगतात. त्यांना फक्त कॅलेंडर दाखवावं. ‘लाँग कोविड’ हे नाव मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन संशोधक स्त्रीने स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहिताना वापरलं. पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या मोहिमेतली पहिली लस ब्रिटनमध्ये टोचली गेली ती ८ डिसेंबर २०२० ला. आजाराला नाव पडल्यानंतर सुमारे सात महिन्यांनी आलेली लस त्या आजाराचं कारण कशी ठरते?

इथवर मी लोकांशी भांडलो. पण समजा, एखाद्या सत्तरीच्या मधुमेही काकांना हे पटलं आणि ते उद्या सकाळी घराबाहेर पडले, तर जायचं कुठे? सीरम इन्स्टिट्यूट पुण्यात. कोव्हॅक्सिनसाठी विषाणू वेगळा काढून देणारी राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यात. जून २०२३ मध्ये ओमायक्रॉनविरुद्धच्या भारतीय एमआरएनए लसीला परवानगी मिळाली, ती बनवणारी जिनोव्हाही पुण्याचीच. साध्या फ्रिजच्या तापमानात राहणारी, सुईशिवाय त्वचेत देता येणारी ही लस म्हणजे कौतुकाचं संशोधन. त्याला सरकारचा पैसाही लागलेला. पण महापालिकेच्या दवाखान्यात ती ज्येष्ठांना रांगेने दिली जातेय, असं दृश्य त्याच पुण्यात कधी दिसलं नाही. मुलाकडे न्यू जर्सीला गेलेले आजी-आजोबा तिथल्या फार्मसीत एका दंडावर फ्लूची आणि दुसऱ्यावर कोविडची ताजी लस घेऊन येतात. ज्यांचा मुलगा चाकणला आहे त्यांनी काय करायचं?

यावर तयार उत्तर असं, की अमेरिका-ब्रिटनही आता हात आखडता घेताहेत. खरं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या लसीची मान्यता ६५ पुढच्या आणि जोखमीच्या लोकांपुरती केली. ब्रिटनने त्या हिवाळ्यासाठी वयाची अट ७५ वर नेली. अमेरिकेतल्या निर्णयामागचं राजकारण वेगळं, ब्रिटनचा खर्चाचा हिशेब वेगळा. आणि तो हिशेब मुख्यतः रुग्णालयातल्या भरतीचा आणि मृत्यूंचा आहे, वर्षानुवर्षं थकून बसलेल्या माणसांचा नव्हे. तरीसुद्धा पंचाहत्तरीच्या माणसाला लसीची गरज नाही असं यांपैकी कुणी म्हणालेलं नाही. आपण मात्र त्यांचं ‘कमी करणं’ दाखवून आपलं ‘काहीच न करणं’ झाकतो आहोत.

मागणी फार मोठी नाही. जोखमीच्या लोकांसाठी वर्षातून एकदा, फ्लूच्या लसीबरोबर, चालू विषाणूवरची लस सरकारी दवाखान्यात मिळावी. केंद्राने ऑक्टोबर २०२१ मध्येच कोविडनंतरच्या दुखण्यांच्या उपचारांची मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. ती कपाटातून काढून जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचवावी. लाटा ओसरल्यावर शहरांतल्या पोस्ट-कोविड ओपीडींकडे कुणी फिरकेना. तिथल्या केसपेपरांतून निदान मोजणी तरी सुरू व्हावी. हे होईपर्यंत तापाच्या दिवसांत गर्दीच्या वेटिंग रूममध्ये मास्क लावा, ताप उतरल्या उतरल्या जिम गाठू नका, आणि पुढच्या वेळी साखर दाखवायला डॉक्टरांकडे गेलात की कोविडची ताजी लस आपल्याला हवी का, आणि ती कुठे मिळेल, हे विचारा. ‘काही गरज नाही’ म्हणाले, तर कशावरून, तेही विचारा.